घरच्या एस्प्रेसोसाठी ग्राइंडर यंत्रातच असावा की वेगळा घ्यावा?

सह्यवारा, पुणे

नमस्कार. गेली सहा वर्षे आमच्या घरी सकाळची कॉफी मोका पॉटवर होत आली आहे. तिच्याबद्दल तक्रार अशी नाही, पण दूध घातल्यावरही जिची चव दुधात हरवत नाही अशी कॉफी घरच्या घरी करता यावी, अशी पत्नीची आणि माझी बऱ्याच दिवसांची इच्छा आहे. त्यासाठी आम्ही ₹70,000 बाजूला काढले आहेत. एवढी रक्कम पुन्हा लवकर खर्च करता येणार नाही, म्हणून घाई न करता येथील अनुभवी मंडळींना विचारत आहे.

रोज सकाळी आम्हाला दोन कॅपुचिनो लागतात आणि रविवारी कोणी आले तर चार-पाच. बाबा आमच्याकडेच असतात. त्यांचे वय 74 आहे आणि ते माटुंग्याहून चिकोरी घालून दळून आणलेल्या पुडीची फिल्टर कॉफी पितात. त्यांची सवय बदलायचा माझा विचार नाही, तरी दुपारी आम्ही कामावर असताना त्यांना नव्या यंत्रावर एखादा कप करून घ्यावासा वाटला, तर तो कोणाला न विचारता करता यावा, एवढे मला हवे आहे.

माझ्यासमोर दोन पर्याय आहेत. ब्रेव्हिल बरिस्ता एक्स्प्रेससारखे, ग्राइंडर आतच बसवलेले यंत्र घ्यावे, किंवा गाजिया क्लासिकसारखे ग्राइंडर नसलेले यंत्र घेऊन ग्राइंडर निराळा घ्यावा. विक्रेत्याच्या मते पहिल्यात सगळे एका जागी मिळते आणि ओट्यावर पसारा होत नाही. ते मला पटतेही. परंतु आत बसवलेला ग्राइंडर एस्प्रेसोला पुरेसा बारीक आणि एकसारखा दळतो का, आणि तो पुढे बिघडला तर सगळे यंत्रच बंद पडते का, या दोन प्रश्नांची सरळ उत्तरे मला दुकानात मिळाली नाहीत.

रानजाई, नाशिक

तुम्ही प्रश्न यंत्राचा म्हणून विचारला आहे, पण माझ्या मते तो आधी दळणाचा आहे. एस्प्रेसोमध्ये साधारण 9 बार दाबाने पाणी कॉफीच्या घट्ट दाबलेल्या थरातून ढकलले जाते. (पेटीवर ठळक छापलेले 15 बार म्हणजे पंपाची कमाल क्षमता, तेवढा दाब कपासाठी लागत नाही आणि नसावाही.) त्या पाण्याला वाटेत किती अडथळा व्हावा, हे जवळजवळ पूर्णपणे पूड किती बारीक आहे यावर ठरते. बहुतेक जण ज्या प्रमाणापासून सुरुवात करतात ते असे, की 18 ग्रॅम पुडीतून 36 ग्रॅम कॉफी 25 ते 30 सेकंदांत उतरावी. पूड किंचित जाड राहिली तर तीच कॉफी 12-15 सेकंदांत धो-धो उतरते आणि आंबट, पाणचट लागते. किंचित जास्त बारीक झाली तर थेंब थेंब गळत राहते आणि कडू होते. आता यातले "किंचित" म्हणजे किती, ते लक्षात घ्या. मी वापरते त्या वनझेडप्रेसो जे-मॅक्स या हाताने फिरवायच्या ग्राइंडरमध्ये एका खटक्याला दात्यांमधले (बिया दळणाऱ्या दोन धारदार कड्यांमधले) अंतर 8.8 मायक्रॉनने बदलते, आणि दोन-तीन खटक्यांत शॉटची (एका वेळी उतरणाऱ्या कॉफीची) वेळ बदललेली मला स्पष्ट दिसते.

ज्यांच्या घरी घरघंटी आहे त्यांना हे लवकर समजेल. भाकरीचे पीठ, लाडवाचा रवाळ बेसन आणि थालीपिठाची भाजणी यांसाठी आपण जाळी बदलतो, पण मधल्या छटा आपल्याला लागत नाहीत. एस्प्रेसोला नेमक्या त्या मधल्या छटाच लागतात. तुम्ही म्हणता त्या यंत्रात बाहेरच्या चक्रावर 16 पायऱ्या आहेत, शिवाय आतला वरचा दाता काढून तो आणखी जाड-बारीक बसवण्याची सोय आहे. त्यावर चांगली एस्प्रेसो निघते, हे मी माझ्या बहिणीच्या घरी प्यायले आहे, त्यामुळे तो ग्राइंडर कामाचा नाही असे मी म्हणणार नाही. मात्र तिच्याकडे असे होते, की 6 वर ठेवले तर 33 सेकंद आणि 7 वर ठेवले तर 22 सेकंद. मधला आकडाच नाही. मग ती पुडीचे वजन अर्धा ग्रॅम कमी-जास्त करून वेळ जुळवते. हे जमते, पण एकाच जातीच्या बिया सतत आणल्या तर सुखाने जमते. दर महिन्याला कधी चिकमगळूरच्या, कधी कोडगूच्या, कधी फिक्या भाजलेल्या तर कधी गडद, असे करून पाहण्याची हौस असेल, तर प्रत्येक पिशवीला नव्याने मोजमाप बसवावे लागते आणि तिथे पायऱ्या कमी पडतात.

दुसरा मुद्दा उरलेल्या पुडीचा आहे. दळल्यानंतर काही पूड दाते आणि बाहेर येण्याची नळी यांच्यामध्ये अडकून राहते. आत बसवलेल्या ग्राइंडरमध्ये ही वाट वळणाची असते आणि सहज झटकता येत नाही. चक्र फिरवल्यावर पहिल्या शॉटमध्ये जुन्या मापाची पूड मिसळलेली असते, म्हणून दोन-तीन ग्रॅम दळून फेकावी लागते, नाहीतर बदलाचा परिणाम कळत नाही आणि माणूस उगाच आणखी चक्र फिरवत बसतो. माझी पहिली दोन वर्षे अशाच गोंधळात गेली, कारण माझे पहिले यंत्र आत ग्राइंडर असलेलेच होते.

तुमच्या रकमेतले निदान ₹25,000 ग्राइंडरवर खर्च करा आणि उरलेल्यात साधे, 58 मिमी बास्केटचे (पूड भरायच्या जाळीदार वाटीचे) यंत्र घ्या, असे मी सुचवेन. 58 मिमी हे व्यावसायिक यंत्रांचे माप असल्यामुळे बास्केट, टॅम्पर (पूड दाबायचा ठोकळा) वगैरे पुढे हवे तसे मिळतात. कॅफेमध्ये ओट्यावर नजर टाकलीत, तर लाखो रुपयांच्या यंत्राशेजारीही ग्राइंडर स्वतंत्रच उभा असतो. दाते झिजतात, पूड साचते, सफाई रोज लागते. ही कामे यंत्र न थांबवता व्हावीत म्हणून तो वेगळा असतो.

तळ्याकाठी, ठाणे

रानजाई यांनी सांगितलेले तंत्र बरोबर आहे, पण त्यांनी घराचा विचार कमी केला आहे असे मला वाटते. माझ्याकडे आत ग्राइंडर असलेले यंत्र चार वर्षे आहे. आम्ही दोघेही सकाळी सव्वासातला घर सोडतो. पोर्टाफिल्टर (बास्केट बसवलेला दांडा) खाली धरला, ढकलला, पूड पडली, दाबली, लावला, एवढ्यात काम होते. ग्राइंडर वेगळा असता, तर वजन करणे, डब्यात दळणे, तो डबा पोर्टाफिल्टरवर उलटा करणे आणि सांडलेले पुसणे, हे रोज माझ्याकडून झाले नसते. महिनाभरात यंत्र झाकून ठेवून मी पुन्हा इन्स्टंटकडे वळलो असतो, हे मला स्वतःबद्दल ठाऊक आहे.

वरच्या भांड्यात बिया राहून शिळ्या होतात, हा आक्षेप नेहमी घेतला जातो. आपण गणित करून पाहू. दोन कप म्हणजे 36 ग्रॅम, म्हणजे 250 ग्रॅमची पिशवी साधारण सात दिवसांत संपते. सात दिवसांत बिया शिळ्या होत नाहीत. दिवसाला एकच कप पिणाऱ्यांना मात्र हा आक्षेप लागू पडतो.

परंतु प्रश्नकर्त्यांनी बिघाडाबद्दल विचारले आहे, म्हणून माझ्यावर ओढवलेला प्रसंग सांगणे मला आवश्यक वाटते. दुसऱ्या वर्षी एका सकाळी ग्राइंडरमधून कर्कश आवाज आला आणि तो जागीच थांबला. दोन दात्यांमध्ये मुगाएवढा खडा अडकला होता. बियांसारखाच तपकिरी, त्यामुळे भांड्यात पाहून ओळखू आला नसता. वरचा दाता काढून मी खडा बाहेर काढला, पण मोटर फिरेना. ग्राइंडर वेगळा काढून पाठवता येत नाही, म्हणून अकरा किलोंच्या आसपास वजन असलेले सगळे यंत्र खोक्यात भरून दुरुस्तीला द्यावे लागले आणि ते परत यायला पाच आठवडे लागले. त्या पाच आठवड्यांत पंप, बॉयलर, वाफ सगळे धडधाकट असूनही घरात एस्प्रेसो नव्हती. ग्राइंडर वेगळा असता तर ओळखीच्या कॅफेतून 100 ग्रॅम पूड दळून आणून मी वेळ निभावून नेली असती.

तेव्हापासून पिशवी उघडली की सगळ्या बिया मी स्टीलच्या ताटात पसरतो आणि आई तांदूळ निवडायची तशा निवडून मगच भांड्यात भरतो. गेल्या दोन वर्षांत मला आणखी दोन खडे सापडले आहेत. ग्राइंडर कोणताही घ्या, हे दोन मिनिटांचे काम सोडू नका.

माडाची सावली, रत्नागिरी

येथे पावसाळ्याचा उल्लेख अजून झाला नाही, म्हणून लिहीत आहे. आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत मीठ डब्यात पाणी धरते, तिथे कॉफीच्या बियांचे काय होत असेल, हे वेगळे सांगायला नको. मे महिन्यात ज्या मापावर 28 सेकंद लागत होते, त्याच मापावर त्याच बियांना जुलैत 38 सेकंद लागू लागले. पूड गुठळ्या होऊन पडत होती आणि मला माप जाड करावे लागले. आत ग्राइंडर असलेल्या यंत्रात याच्या जोडीला आणखी एक गोष्ट घडते. दूध फेसताना निघणारी वाफ आणि यंत्राची स्वतःची उष्णता ग्राइंडरच्या तोंडाशीच घोटाळते. एकदा पूड पडायची अजिबात थांबली, तेव्हा मी वरचा दाता उचलून पाहिले. नळीच्या तोंडाशी ओल्या पुडीचा काळपट, चकचकीत लेप बसला होता, इतका घट्ट की ब्रशाने निघेना, टूथपिकने टोकरून काढावा लागला.

आता मी बिया हवाबंद डब्यात ठेवतो आणि एका वेळी 18 ग्रॅमच मोजून वर टाकतो, म्हणजे भांड्यात मागे काही उरत नाही. पुण्याची हवा इतकी दमट नसते, त्यामुळे तुम्हाला हा त्रास कमी होईल. तरीही तेलकट दिसणाऱ्या, अगदी गडद भाजलेल्या बिया आत बसवलेल्या ग्राइंडरमध्ये घालू नका. त्या तेलाला पूड चिकटते आणि वाट बुजते.

सह्यवारा, पुणे

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले त्याबद्दल मनापासून आभार. खड्याचा प्रसंग वाचून माझा कल वेगळ्या ग्राइंडरकडे झुकला आहे. दोन शंका उरल्या आहेत. पहिली अशी, की माझा भाऊ न्यू जर्सीला असतो आणि डिसेंबरमध्ये येणार आहे. तिकडे यंत्र स्वस्त पडते, तर त्याच्याकडून मागवावे का? दुसरी बाबांविषयी आहे. त्यांच्या मनगटाला संधिवात आहे, त्यामुळे हाताने फिरवायचा ग्राइंडर त्यांना जमणार नाही. मग दुपारच्या त्यांच्या कपाचे काय करावे?

तारतंत्री, पिंपरी

यंत्र तिकडून आणू नका. अमेरिकेतील यंत्र 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झवर चालते, आपल्याकडे 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ आहे. प्लग बदलून ते थेट लावले तर पहिल्याच दिवशी जळेल. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण 1600 वॉटच्या यंत्राला निदान 2000 वॉट क्षमतेचा लागतो. तो जड असतो, ओट्यावर जागा खातो आणि हर्ट्झ मात्र बदलत नाही, त्यामुळे अशा यंत्रांतला थरथरणारा पंप त्याच्या ठरलेल्या गतीने चालत नाही. शिवाय तिकडची वॉरंटी येथे कामाला येत नाही. भावाकडून हाताचा ग्राइंडर, 0.1 ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा किंवा दूध फेसण्याचे स्टीलचे भांडे आणायला हरकत नाही, कारण त्यांना भिंतीतली वीज लागत नाही.

येथे घेतलेले यंत्रही 6 अँपिअरच्या साध्या सॉकेटला लावू नका. 1600 वॉटला 230 व्होल्टवर सुमारे 7 अँपिअर लागतात, त्यामुळे मिक्सरच्या सॉकेटला एक्स्टेंशन जोडून काम भागवू नये. 16 अँपिअरचे सॉकेट ओट्याजवळ नसेल तर आधी ते करून घ्या.

सोसायटीत टँकरचे किंवा बोअरवेलचे पाणी येत असेल, तर ते यंत्रात घालू नका. अंघोळीच्या गीझरमध्ये क्षार साचतात तसे ते बॉयलरमध्ये साचतात, आणि बॉयलर फारच लहान असल्यामुळे वाट लवकर बुजते.

रानजाई, नाशिक

बाबांच्या कपाबद्दल लिहिते, कारण माझ्या सासूबाईंसाठी मी हीच अडचण सोडवली आहे. बहुतेक घरगुती यंत्रांबरोबर दुहेरी तळाचे बास्केट मिळते किंवा ते वेगळे घेता येते. त्याच्या बाहेरच्या तळाला एकच बारीक छिद्र असते आणि दाब तिथे तयार होतो, त्यामुळे पूड नेमक्या मापाची नसली तरी कप बरा उतरतो. चव एकेरी बास्केटइतकी खुलत नाही, पण दूध-साखर घालून पिणाऱ्याला ती आवडते. आम्ही एका छोट्या हवाबंद डब्यात चार दिवसांची पूड दळून ठेवतो आणि शेजारी ते बास्केट व एक सपाट चमचा ठेवतो. सासूबाई चमच्याने भरतात, हलकेच दाबतात आणि बटण सुरू करतात. फक्त माटुंग्याची चिकोरीची पूड त्यात कधीही भरू नका. चिकोरी पाण्यात फुगून चिकट होते आणि बास्केटची छिद्रे बंद करते. ती पूड बाबांच्या पितळी फिल्टरमध्येच राहू द्या.

तुमच्यासाठी मात्र मी विजेवर चालणारा वेगळा ग्राइंडर सुचवेन. हाताच्या ग्राइंडरवर दोन कपांची पूड करायला मला रोज दोन-अडीच मिनिटे फिरवावे लागते. एकटीसाठी मला ते आवडते, पण रविवारी पाच कप करताना खांदा भरून येतो. दुकानात एकच गोष्ट विचारा, की त्याचे माप पायऱ्यांनी बदलते की सलग फिरते. सलग फिरणारा मिळाला तर तो घ्या. बराझा एन्कोर ईएसपीमध्ये पायऱ्या आहेत, पण एस्प्रेसोच्या पट्ट्यात त्या मुद्दाम जवळजवळ ठेवल्या आहेत, त्यामुळे तोही चालेल.

सह्यवारा, पुणे

तीन आठवड्यांनी परत लिहीत आहे. गाजिया क्लासिक आणि सलग फिरणारे माप असलेला विजेचा ग्राइंडर घेतला, 16 अँपिअरचे सॉकेट बसवून घेतले आणि बाबांसाठी दुहेरी तळाचे बास्केट ठेवले. बाबा दुपारी तीन वाजता स्वतः कप करतात आणि सकाळी फिल्टर कॉफी घेतात. आमची गाडी मात्र अडली आहे. नागपूरच्या कॉरिडॉर सेव्हनच्या बिया आणल्या आहेत. 18 ग्रॅमला शॉट 16 सेकंदांत उतरतो, म्हणून मी काल पूड 19.5 ग्रॅम केली, जोरात दाबली आणि मापही बारीक केले. आता 50 सेकंद लागतात आणि चकतीवर (बास्केटमध्ये उरलेल्या पुडीच्या घट्ट थरावर) यंत्राच्या जाळीचा ठसा उमटलेला दिसतो. नेमके काय चुकते आहे?

रानजाई, नाशिक

तुम्ही एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्यात, त्यामुळे कशाने काय झाले ते कळायला मार्ग राहिला नाही. वजन पुन्हा 18 ग्रॅमवर आणा. जाळीचा ठसा म्हणजे बास्केट गच्च भरल्याची खूण आहे. दाबणे रोज सारखेच ठेवा. पूड सपाट बसली की आणखी जोर लावण्याचा उपयोग नसतो. मग फक्त ग्राइंडरचे माप हलवा, तेही 16 सेकंदांच्या जुन्या खुणेपासून किंचित बारीककडे, आणि ते ग्राइंडर चालू असताना फिरवा, म्हणजे दात्यांमध्ये पूड चेपली जाणार नाही. दर वेळी थोडी दळून बाजूला टाका, त्यानंतरचा शॉट काट्यावर कप ठेवून मोजा आणि आकडा वहीत लिहा. 36 ग्रॅमला 26-27 सेकंद आले की चक्रावर पेन्सिलने बारीक रेघ मारून ठेवा. पिशवी संपत येईल तशा बिया जुन्या होतात आणि शॉट पुन्हा लवकर उतरू लागतो. तेव्हा त्या रेघेपासून केसभर बारीककडे जावे लागेल.